सनईवाल्याचा डेमाइज

अंबाडगावच्या सरकारांना इंग्रजीचा भारी सोस! एक दिवस त्यांनी दवंडीच पिटवली. राजघराण्यातला माणूस गेला तर 'डेमाइज' म्हणायचं, सरदार गेला तर 'पास्ड अवे', कारकून गेला तर 'एक्सपायर्ड', आणि बाकी सगळी रयत नुसती 'डेड'!

पुढच्याच महिन्यात सनईवाले सखोबा वारले. त्यांच्या बायकोने, गोजराबाईने, तेराव्याची पत्रिका छापली आणि तीत ठसठशीत शब्द घातला, 'डेमाइज'! दरबारात एकच गहजब झाला.

"राजशब्दाची चोरी!" सरकार कडाडले. "शब्द परत कर, नाहीतर गाव सोड!"

"करते की," गोजराबाई म्हणाली. "पण सरकार, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पोराला शिकवीन म्हटलं, गाय विकणार नाही म्हटलं, तरी शिवेना. शेवटी म्हटलं, 'तुम्हाला सरकारांचा शब्द लावीन', तशी कावळ्याने झडपच घातली! आता शब्द घ्या काढून. पण त्यांचा जीव त्यातच अडकलाय. शब्द जिथे जाईल, तिथे तेही येतील."

सरकारांनी चटकन पाय गादीवर ओढून घेतले. "नको, नको! राहू दे तुझ्याकडेच!"

बाहेर आल्यावर दिवाणजींनी हळूच विचारलं, "बाई, कावळ्याने खरंच एवढं ताटकळत ठेवलं?"

"छे हो! पान ठेवल्याबरोबर शिवला. ह्यांना कुठे येत होतं इंग्रजी? इच्छा माझी होती."