दाराकडची लव

पाहुणे, कड्यापासून जरा मागेच उभे राहा. ही म्हातारघळ. समोर मेंढक्यांची पालं पडताहेत, तिथे बघा. गालिचा अंथरून झाला, पण त्यावर अजून कुणी टेकलेले नाही. आधी सुनेचा हात फिरायचा आहे.

असे सांगतात, की फार पूर्वी याच कड्यावर धुळाप्पा नावाच्या आंधळ्या मेंढक्याचे पाल होते. त्याची नजर जाऊ लागली, तेव्हा बायकोने लोकरीची एकेक गाठ मारून त्याच्यासाठी जाड गालिचा विणला. अशा गालिच्याची लव, म्हणजे वरची लोकरीची केसाळी, एकाच अंगाला झुकते. ते अंग कायम दाराकडे ठेवायचे, असे तिने ठरवून टाकले. ती गेल्यावरही म्हातारा लव चाचपत बिनघोर बाहेर येई. त्याला कुणाला हाक मारावी लागत नसे.

पुढे घर सून हौसाच्या हाती आले. एकदा तिच्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. आधीची सोयरीक मोडलेली, त्यामुळे हौसाचा जीव टांगणीला लागलेला. त्यात गालिच्यावर दारापाशीच निखाऱ्याने जळालेला डाग. तो नेमका नजरेत भरायचा! तिने गालिचा फिरवला आणि डाग मागच्या अंधारात नेला. पाहुणे गेले की परत फिरवू, त्यात म्हाताऱ्याला काय सांगायचे, असे तिला वाटले.

सोयरीक जमली. पाहुण्यांना वाटेला लावायला सगळे गेले आणि तेवढ्यात वावटळ उठली म्हणे. मेंढरे उधळली, हौसा त्यांच्यामागे धावली. इकडे घळीकडच्या खुंट्या उपटल्या आणि पालाची मागची बाजू उघडी पडली. वाऱ्याच्या घोंघाटात म्हाताऱ्याला दिशा कळेना. तो खाली बसला, लव चाचपली. जळका डागही हाताला लागला. डाग तर दाराचाच! तो निर्धास्त उठला आणि बाहेर पडला.

वाऱ्याने म्हातारा घळीत नेला, असे लोक म्हणाले. हौसा गप्प राहती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिने नवऱ्याचा हात धरून फिरवलेल्या गालिच्याच्या लवेवर ठेवला.

“वाऱ्यानं न्हाई. म्या घालवलं मामांस्नी.”

नवऱ्याने हात काढून घेतला. पुढे जन्मभर तो तिच्याशी कामापुरतेच बोलला, असे सांगतात. बाईने तेही सोसले.

आजही इथे पाल पडले, की सून डोळे मिटून लवेवरून हात फिरवते आणि मोठ्याने सांगते. घरात सासरा असो वा नसो, तोंड मात्र घळीकडेच करते. ऐका.

“मामा, दार हिकडं हाय.”