शिरपाचं मेक्सिकन जेवण

बोरखडी गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव श्रीपती, पण त्याला सगळं गाव शिरपा म्हणायचं. अंगानं धडधाकट, पेरूची चांगली बाग, तोंडात कधी शिवी नाही. पण सांगितलेलं ऐकायचा. तीच तर पंचाईत होती.

आई म्हणाली, "शिरपा, दुधावर नजर ठेव." शिरपानं ठेवली. दूध उतू गेलं, चुलीत गेलं, जमिनीवर गेलं. शिरपाची नजर काही हलली नाही.

अशा माणसाचं लग्न जमवायचं म्हणजे नाकी नऊ आले होते. आईनं हात टेकले. मग पुण्यातल्या विमलआक्कानं, म्हणजे शिरपाच्या थोरल्या बहिणीनं, पदर खोचला. तिनं एक स्थळ आणलं. मुलीचं नाव कावेरी. बँकेत नोकरीला. आजवर पुष्कळ हुशार मुलं बघून ती विटली होती. तिनं निरोप धाडला, 'मी पोह्यांची बशी घेऊन कुणाच्या समोर यायची नाही. भेटायचं तर बाहेर जेवायला भेटू.' आणि तिनं हॉटेल निवडलं ते मेक्सिकन. काचेचं दार, मंद दिवे, आत कुजबुजत बोलायची रीत.

आक्का शिरपाला म्हणाली, "हे स्थळ गेलं तर पुन्हा मी कुणाच्या दारात जायची नाही. मी सांगीन तसं वागायचं. कळलं?"

"कळलं," शिरपा म्हणाला.

हॉटेलच्या दारात मऊ गालिचा होता. एवढ्या चांगल्या घरात पायताण घालून कसं जायचं? शिरपानं बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात कोंबले आणि जोडी दरवानाच्या हातात दिली. दरवानानं सलाम ठोकायला हात उचलला होता. तो तसाच राहिला.

आक्का कानाशी लागली. "अरे, ही काय देवळाची पायरी आहे? इथं अंगावर चढलेलं काही उतरवायचं नसतं. कळलं?"

"कळलं. आता चुकायचो न्हाई."

आणि त्याला खरंच कळलं होतं. त्यानं पुन्हा बूट चढवले.

आत कावेरी आणि तिचे वडील दिनकरराव बसले होते. शिरपानं कावेरीकडं पाहिलं आणि त्याला ती फार आवडली. इतकी आवडली, की आज काही म्हणजे काही चुकायचं नाही असं त्यानं मनाशी पक्कं केलं. बिचाऱ्यानं तेवढंच करायला नको होतं.

रंगनाथदाजी, म्हणजे आक्काचे यजमान, दिनकररावांशी पावसापाण्याचं बोलू लागले. तेवढ्यात गाणारे आले. गळ्यात गिटारी आणि डोक्यावर सुपाएवढ्या घेराच्या टोप्या. तिथली रीत अशी, की गाणारा आपली टोपी घटकाभर पाहुण्याच्या डोक्यावर ठेवतो, पाहुणा हसतो, मग गाणारा टोपी घेऊन पुढच्या टेबलाकडं जातो. दिनकररावांच्या डोक्यावर ठेवली, ते हसले, टोपी गेली. मग शिरपाच्या डोक्यावर ठेवली. गाणारा ती उचलायला लागला, तसे शिरपानं दोन्ही हातांनी काठ पकडले.

"सर, टोपी," गाणारा म्हणाला.

"उतरवायची न्हाई," शिरपा म्हणाला.

"सर, ती माझी आहे."

"असंल. पण ती आता माझ्या अंगावर चढलीया."

गाणाऱ्यानं एकीकडून ओढली, शिरपानं दुसरीकडून. गाणं थांबलं. शेवटी दाजींनी शिरपाची बोटं एकेक करून सोडवली. दिनकरराव भुवई वर करून बघत होते. कावेरी मात्र रुमालात तोंड लपवून हसत होती.

आक्का पुन्हा कानाशी. "अरे, दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी आली की ज्याची त्याला द्यावी. त्यानं मागायची वाटसुद्धा बघू नये. कळलं?"

"कळलं. आता चुकायचो न्हाई."

मग वेटर एक गाडी ढकलत आला. गाडीवर काळा दगडी खल. त्यानं सगळ्यांदेखत अवोकाडो नावाचं लोण्यासारखं फळ खलात टाकलं, कांदा टाकला, मिरची टाकली, लिंबू पिळलं आणि ठेचून हिरवी चटणी केली. सोबत मक्याचे कुरकुरीत तुकडे. त्यानं प्रत्येकाच्या ताटलीत अदबीनं वाढलं आणि गाडी घेऊन तो गेला.

शिरपानं ताटलीकडं बघितलं. फळ वेटरचं, खल वेटरचा, ठेचलं वेटरनं. म्हणजे वस्तू कुणाची? तो ताटली घेऊन उठला आणि वेटरच्या मागोमाग थेट भटारखान्यात शिरला.

उंच पांढरी टोपी घातलेला मुख्य आचारी घाबरला. "काय झालं साहेब? चव बिघडली?"

"चव घेतलीच न्हाई. तुमचं तुमच्यापाशी."

आचाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक रागावलं. त्यानं घाईनं दुसरी चटणी ठेचून दिली. शिरपानं तीही परत केली. आचारी तिसरं फळ कापायला लागला. आता आचारी देतोय आणि शिरपा परत करतोय, असं ते सकाळपर्यंत चाललं असतं. पण आक्का आली आणि शिरपाला दंडाला धरून घेऊन गेली.

"अरे ठोंब्या, पानात वाढलं ते आपलं! समोर ठेवलं की काही न बोलता तोंडात घालायचं आणि चावायचं. कळलं?"

"कळलं. आता चुकायचो न्हाई."

त्यानं चटणी खाल्ली, कुरकुरीत तुकडे खाल्ले, काही बोलला नाही. आक्कानं सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांचे हात चटणीनं माखले होते, म्हणून वेटर छोट्या बशा घेऊन आला. प्रत्येक बशीत गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या इवल्याशा टॉवेलची पांढरीशुभ्र गुंडाळी. तिच्यातून वाफा निघत होत्या. वेटरनं एक बशी शिरपाच्या समोर ठेवली.

शिरपानं गुंडाळी उचलली आणि तोंडात घातली.

कावेरीनं विचारलं, "कसं लागतंय?"

शिरपा काही बोलला नाही. काही न बोलता चावायचं होतं. तो चावत राहिला. पदार्थ वातड होता, पण बाहेरच्या मुलखातला असेल म्हणून त्यानं जबडा लावला. बाकीचे त्याच पदार्थानं हात पुसत होते. शिरपाला त्यांची कीव आली, एवढं गरमगरम जेवण वाया घालवतात म्हणून. दाजींनी टॉवेलचं लोंबणारं टोक धरलं आणि सर्रकन बाहेर ओढलं.

दिनकररावांनी घड्याळाकडं बघितलं. "निघावं म्हणतो," ते म्हणाले.

"बाबा, अजून जेवण यायचंय," कावेरी म्हणाली. "थांबा ना." हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पाणी आक्काच्याही डोळ्यांत होतं, पण ते वेगळं. ती शेवटचं शिरपाच्या कानाशी लागली. "शिरपा, तुझ्या पाया पडते. आता तुझं डोकं चालवू नकोस, माझंही नको. काहीही तुला द्यायला लागले, की आधी दाजींच्या पुढं करायचं. दाजी त्याचं काय करतात ते नीट बघायचं. मग तू घ्यायचं. कळलं?"

"कळलं, आक्का. आता चुकायचो न्हाई."

जेवण आलं. मक्याच्या दुमडलेल्या भाकरीत उसळ आणि भाजी भरलेली, वर चीज. त्याला टाको म्हणतात. वेटरनं शिरपाला द्यायला ताट पुढं केलं. शिरपानं हात जोडले. "आधी दाजींना द्या."

दाजींनी टाको दोन्ही हातांनी उचलला, मान तिरकी केली, कडेनं घास घेतला. शिरपा नीट बघत होता. मग त्यानं टाको उचलला, मान तिरकी केली, कडेनं घास घेतला. एक दाणा सांडला नाही. पाणी आलं, आधी दाजींना. गोड आलं, तेही आधी दाजींना. सगळं जेवण असं झालं. कुणाचा टॉवेल गेला नाही की कुणाची टोपी.

दिनकररावांचा चेहरा हळूहळू निवळला. "पोरगं साधं आहे," ते म्हणाले, "पण वडीलधाऱ्यांचा मान काय ठेवतं! आजकाल कोण ठेवतं?"

कावेरी म्हणाली, "बाबा, आजवर जी मुलं आली त्यांनी माझं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही. याला सांगितलेलं सगळं ऐकू येतं. मला पसंत आहे."

आक्काला वाटलं आपण स्वप्नात आहोत. इतक्या वर्षांची तिची वणवण संपली होती. तिनं पदरानं डोळे टिपले आणि मनातल्या मनात कुलदेवतेला नारळ बोलली.

दिनकरराव उठून उभे राहिले. ते म्हणाले, "श्रीपतराव, माझी एकुलती एक लेक. आजपासून आम्ही ती तुम्हाला दिली."

शिरपानं कावेरीकडं डोळे भरून बघितलं. मग त्यानं हात जोडले आणि अगदी अदबीनं म्हणाला,

"आधी दाजींना द्या. दाजी काय करत्यात ते नीट बघतो, मग मी घेतो. मला काय घाई न्हाई."