खगोलशास्त्राची एक जागा

एका माळावर एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात एक भोळी प्राध्यापिका होती. सुगंधा टेंभुर्णे तिचं नाव. प्राध्यापिका म्हणजे तरी काय, तासिका तत्त्वावरची. तास चालू असेल तोवर मॅडम, घंटा झाली की नुसती सुगंधा. तिच्याकडे दोन पदव्या होत्या, वर डॉक्टरेट होती. अक्कल तेवढी तासिका तत्त्वावर होती.

सुगंधाचं तत्त्व साधं. मोठे सांगतील ते ऐकावं. हे तिला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि सांगणारे सगळे अर्थातच मोठे होते.

तिचा विभाग भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राचा. विभागप्रमुख खांदवे सर. विभागात खगोलशास्त्राची एकच जागा होती आणि ती कित्येक वर्षं रिकामी होती. शेवटी वरून निरोप आला. शुक्रवारी मुलाखती घ्या. त्या दिवशी जागा भरली तर तुमची, नाहीतर एमबीएवाल्यांची. गच्चीवर घुमट होता, घुमटात दुर्बीण होती. एमबीएवाल्यांनी तिथे कॉफी शॉप काढायचं ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

अर्ज चार आले. त्यातला एक सुगंधाचा. तिला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की रात्री झोपेतही ती मस्टरवर सही करायची. घरी आई रोज विचारायची, "कायम कधी करणार गं तुला?" आणि सुगंधा रोज म्हणायची, "सर सांगतील तेव्हा."

पण मुलाखतीच्या दिवशी खुर्च्या कोण लावणार? उमेदवारांना आत कोण सोडणार? तासिकेवरची मॅडम.

"तुझी मुलाखत सगळ्यात शेवटी," खांदवे सर म्हणाले. "तोवर दाराशी थांब. आणि हे बघ, डोकं चालवायचं नाही. मी सांगतो तेवढंच करायचं. अशानेच माणूस कायम होतो. मी असाच झालो."

"हो सर."

"उमेदवार आला की त्याला खुर्चीवर बसव. बोलावल्याशिवाय उठू द्यायचं नाही. उगाच इकडेतिकडे फिरतात."

"हो सर."

पहिले आले डॉक्टर बेलसरे. नवाकोरा पांढरा सफारी. सुगंधाने त्यांना खुर्चीवर बसवलं. समिती येणार म्हणून सकाळीच दाराबाहेरच्या खुर्च्यांना हिरवा रंग मारला होता.

बेलसरे जरा हलले. "मॅडम, खुर्ची ओली वाटतेय."

"बोलावल्याशिवाय उठायचं नाही, सर."

"अहो, पण चिकटतोय मी."

"मग तर सोपं झालं. बसा."

नाव पुकारल्यावर बेलसरे उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही थोडी उठली. ते समितीला नमस्कार करून फळ्याकडे वळले आणि समितीला त्यांची पाठ दिसली. समितीतल्या एका वयोवृद्ध तज्ज्ञांना इतकं हसू आलं, की त्यांची कवळी टेबलावर पडली. बेलसरे थेट बसस्टँडवर गेले. बसमध्येही उभेच राहिले म्हणतात.

खांदवे सर धावत आले. "अगं वेडे! आत पाठवायच्या आधी ओलं फडकं घेऊन स्वच्छ पुसायचं की नाही? साधी गोष्ट!"

"तुम्ही आधी सांगितलं नव्हतं, सर."

"आता सांगतोय ना! आत जाण्याआधी सगळं स्वच्छ पुसायचं."

"हो सर."

दुसऱ्या आल्या डॉक्टर नाझनीन तांबोळी. हुशार बाई. समितीपुढे ताऱ्याच्या जन्माचं गणित मांडायचं म्हणून सकाळपासून शेजारच्या वर्गात चाकाच्या फळ्यावर लिहीत बसल्या होत्या. फळा वरपासून खालपर्यंत भरला. मग बोटं धुवायला नळावर गेल्या. "मॅडम, एवढा फळा आत न्याल का?" म्हणाल्या.

सुगंधाने ओलं फडकं घेतलं. फळा स्वच्छ पुसला. चौकटही पुसली, चाकंही पुसली. मग ढकलत आत नेला.

तांबोळीबाई आत आल्या. म्हणाल्या, "आता आपण वरच्या कोपऱ्यातल्या समीकरणाकडे बघू या." समितीने वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. वयोवृद्ध तज्ज्ञ म्हणाले, "फार सखोल आहे."

"माझं गणित कुणी पुसलं?"

"मी," दारातून सुगंधा म्हणाली. "चाकंसुद्धा पुसलीत."

तांबोळीबाईंनी खडू खाली आपटला. "जिथे गणित पुसतात तिथे मी शिकवणार नाही," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

खांदवे सर लाल झाले. "अगं, एखाद्याचं चाललेलं काम असं पुसतात? आमच्या वेळी असं नव्हतं! त्याला हात लावायचा नाही. जसंच्या तसं ठेवायचं, वर कापड टाकायचं, कुलूप लावून किल्ली जवळ ठेवायची."

"हो सर."

तिसरे आले डॉक्टर रेगे. आल्या आल्या म्हणाले, "बोलावेपर्यंत दुर्बीण बघू का?" आणि गच्चीवर गेले. थोड्या वेळाने सुगंधा वर गेली. रेगे दुर्बिणीखाली उताणे पडून तिची दातेरी चाकं बघत होते. फक्त पाय बाहेर होते आणि ते आनंदाने हलत होते.

काम चाललेलं होतं. सुगंधाने हात लावला नाही. दुर्बिणीवर मोठी ताडपत्री टाकली, पायांवरूनही नीट ओढली, घुमटाला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

रेगेंचं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. पुन्हा पुकारलं.

"रेगे कुठायत?" खांदवे सरांनी विचारलं.

"जसेच्या तसे आहेत, सर."

"म्हणजे?"

"काळजी नको. किल्ली माझ्याकडे आहे."

कुलूप उघडलं तेव्हा रेगेंच्या डोक्यावर वंगण होतं आणि खांद्यावर कबुतराची कृपा. "असा अंधार मी ग्रहणातसुद्धा पाहिला नाही," एवढंच बोलले आणि जिना उतरून गेले. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

खांदवे सरांनी कपाळाला हात लावला. "माणसाला कोंडतात का गं? शिकलीस कशाला इतकी? दार सताड उघडं ठेवायचं. येईल त्याचं हसून स्वागत करायचं, हाताला धरून थेट समितीपुढे नेऊन बसवायचं!"

"हो सर."

आता यादीत उरली एकटी सुगंधा. पण ती दाराशी उभी होती आणि तेवढ्यात एक माणूस आला. गळ्यात टाय, हातात मोठी पेटी. सुगंधा हसली. त्याला हाताला धरून थेट समितीपुढे नेऊन बसवलं.

"तुमचं काम कशावर?" वयोवृद्ध तज्ज्ञांनी विचारलं.

"पाण्यावर, साहेब."

"वा! मंगळावरच्या?"

"कुठलंही चालेल. बोअरचं असलं तरी."

"शोधनिबंध किती?"

"ते नाही. गॅरंटी कार्ड देतो."

समितीला उत्तर आवडलं. इतकं नेमकं दिवसभरात कोणी बोललं नव्हतं. मग त्याने पेटी उघडली, नळी काढली, टेबलावरचा पाण्याचा जग आत ओतला आणि कळ दाबली. पाणी शुद्ध झालं की नाही ते कळलं नाही, पण सगळं समितीच्या अंगावर उडालं. तेव्हा कुठे लक्षात आलं, की हा वॉटर फिल्टरवाला आहे.

त्याला बाहेर काढून खांदवे सर सुगंधासमोर उभे राहिले. आवाज बसला होता.

"हे बघ, बाळ. तिघे गेले. आता तूच एक आहेस. तू निवडली गेलीस तर जागा राहील, विभाग राहील, दुर्बीण राहील. कळतंय?"

"हो सर."

"मी समितीसाठी गरम वडे घेऊन येतो, जरा शांत होतील. तोवर या दाराशी कोणीही येवो, काहीही विचारो, तू एकच सांगायचं. जागा भरली, या आता. आणि दार लावून घ्यायचं. जमेल?"

"जमेल सर."

सर वडे आणायला गेले. आणि खोलीचं दार आतून उघडलं. पदर पिळत खुद्द कुलगुरू हिवाळे मॅडम बाहेर आल्या. समितीच्या अध्यक्ष त्याच.

"डॉक्टर सुगंधा टेंभुर्णे?"

"मीच, मॅडम."

"तुमचा प्रबंध आम्ही सगळ्यांनी वाचलाय. फार सुंदर काम आहे. आता मुलाखत वगैरे राहू द्या, सगळे भिजलेत. समितीचं एकमत झालंय. ही जागा तुम्हाला द्यायची. कायम. घेणार ना?"

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी वर्षं हा एक प्रश्न ऐकायला तिचे कान आसुसले होते. ती ताठ उभी राहिली.

"जागा भरली," ती म्हणाली. "या आता."

"भरली? कोणी भरली?"

हे काही सरांनी सांगितलं नव्हतं. म्हणून सांगितलं होतं तेवढंच तिने पुन्हा सांगितलं, कुलगुरूंना खांद्याला धरून अदबीने आत ढकललं, आणि बाहेरून कडी लावली.

आतून हिवाळे मॅडमचा आवाज आला, "लिहा. उमेदवाराचा नकार. जागा एमबीएला."

एवढ्यात खांदवे सर वड्यांची ताटली घेऊन आले. "काय गं, आलं होतं का कोणी?"

"एक बाई आल्या होत्या, सर. कुलगुरू. ही जागा तुला देते, घेशील का, म्हणून विचारत होत्या."

सरांनी वड्यांची ताटली खुर्चीवर ठेवली. "मग?"

"मग काय सर, अजिबात डोकं चालवलं नाही. आल्या पावली परत पाठवलं," सुगंधा अभिमानाने म्हणाली. "आता तरी मला कायम करता ना?"