आधीचा फोटो

शाळा तपासायला आलेल्या शिक्षण विस्तार अधिकारी ढवळेसाहेबांना नीटनेटकेपणाचे भारी वेड. दुसरीच्या मुलांचे डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या टॅबमधल्या संचिका, तपासताना ते तेजूच्या नावापाशी थबकले. जूनच्या ध्वनिमुद्रणात ती अक्षरागणिक अडखळत होती. मार्चच्या ध्वनिमुद्रणात गोष्ट घडाघडा वाचत होती.

"हे अडखळणं कशाला ठेवलंत, बाई? उत्तम तेवढंच ठेवायचं. पुसा ते, नाहीतर पोर्टफोलिओ नापास करीन."

तेजूची वर्षभराची धडपड एका बोटासरशी नाहीशी होणार होती. वर्गशिक्षिका विभावरीबाईंनी टॅब हाती घेतला, पण पुसले काहीच नाही.

"साहेब, मघाशी चहाच्या वेळी तुम्ही मोबाइलवर दोन फोटो दाखवलेत. एक सुटलेल्या पोटाचा, एक आताचा."

"वर्षभर पहाटे पळालोय त्यासाठी," साहेब खुलले.

"मग तो पोटाचा फोटो तेवढा पुसून टाका. चांगला दिसत नाही."

"अहो, तो पुसला तर मी काय केलं ते कळणार कसं?"

"तेजूचंही तेवढंच म्हणणं आहे, साहेब."

ढवळेसाहेबांनी टॅब स्वतःकडे ओढला, जूनचे वाचन पुन्हा लावले, आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकले.