मेलेला फेस

बिअरवर मत द्यावं तर धामणकरांनी, असं निदान धामणकरांना तरी वाटत असे. त्यांनी एका पेल्याला नाक मुरडलं, की नाशिकची निम्मी गिऱ्हाइकं त्या ब्रुअरीकडे फिरकत नसत. म्हणूनच आपल्या नव्या ब्रुअरीत शाल्मली गुंजाळ त्यांच्या प्रत्येक घोटाकडे संशयानं पाहत होती.

गव्हाची बिअर त्यांनी आल्या आल्या चाखली. "उत्तम. उन्हाळ्यात हीच प्यावी," असा निवाडा दिला. मग खिशातून तळलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली आणि बोटं चाटत लागर नावाची दुसरी बिअर मागवली. दोन घोटांत तिचा फेस बसला. नंतर मागवलेल्या काळ्याभोर स्टाउट बिअरचंही तेच झालं.

"फेस मेला म्हणजे माल शिळा," वही उघडत धामणकर म्हणाले. "लोकांना सावध करायला हवं."

पुडीत काही काळंबेरं तर नाही ना, असं शाल्मलीला आधी वाटलं. मग त्यांच्या मिशीवर चकाकणारं तेल तिला दिसलं. तिनं आणखी एक पेला भरून पुढे ठेवला. धामणकरांनी दोन घोट घेतले आणि त्याचाही फेस विरला.

"हीसुद्धा शिळीच. लिहू?"

"लिहा की. मघाशी तुम्ही उत्तम म्हणालात, तीच ही गव्हाची. त्याच पिंपातली."

धामणकरांचं पेन वहीवरच थांबलं. शाल्मलीनं त्यांच्यापुढे कागदी रुमाल सरकवला.

"फेसाला तेल सोसत नाही, साहेब. आधी ओठ पुसा, मग मत द्या."