मंद कानांचा द्वारपाल

पाठीचा कणा ही जगात अजून नवलाई होती, त्या युगात एका माशाच्या पेशीकेंद्रकापाशी एक द्वारपाल उभा असे. निरोप्या मिठाचा असो वा संकटाचा, कुजबुज कानी पडताच तो साखरेचे कोठार उघडी. त्यामुळे कोठार सदा रिते राही आणि मासा खंगत चालला होता.

पुढे त्या द्वारपालाची हुबेहूब प्रतिकृती जन्मली. थोरल्याने कोठार या धाकट्यावर सोपवले. पण माशांच्या पिढ्या उलटल्या, तसे धाकट्याचे कान मंद होत गेले.

"अरे, तीन निरोप्ये हाका मारून परत गेले!" थोरला करवादला. "द्वारपाल आहेस की धोंडा?"

"दादा, हळू बोललेले मला ऐकूच—"

"पुरे! माझ्याच अंगापासून झालास आणि हे असले ध्यान!"

एवढ्यात भल्यामोठ्या शत्रूचा जबडा माशाच्या मागे आला. संकटाचे निरोप्ये शेकड्यांनी ओरडत धावले. तो कल्लोळ ऐकून धाकट्याने दार उघडले. कित्येक दिवस दार न उघडल्याने कोठार काठोकाठ भरलेले होते. त्या साखरेच्या बळावर मासा सुळकन निसटला.

थोरला ओशाळला, तरी चडफडतच म्हणाला, "उगीच दार उघडायचे नसते, हे आधी का नाही सांगितलेस?"

"दादा, तू साऱ्या जगाचे ऐकतोस. मला बोलू कधी दिलेस?"