आखूड दांडू

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. तेव्हा नदीला पूल नव्हता आणि माणसांना भांडायला भरपूर वेळ होता, एवढं कळलं तरी पुरे.

नदीच्या अलीकडच्या गावाला विटीदांडूचं वेड होतं. दरवर्षी जत्रेत पलीकडच्या गावाशी सामना व्हायचा. ज्या त्या गावाने आपली विटी आणायची. विटी फुटली आणि दुसरी नसली, की डाव तिथेच संपला. हा नियम कडक होता.

गावात आणखी एक रीत होती. खेळाडू गाव सोडून निघाला, की दांडू चावडीत ठेवून जायचा. गडी चांगला खेळला असं गावाचं मत पडलं, तर तो दांडू तुळईला टांगायचा. नाहीतर होळीच्या लाकडांत टाकायचा.

त्या वर्षी केरबा निघाला. सात वर्षं खेळलेला गडी. पलीकडच्या गावात त्याचे सासू-सासरे थकले होते आणि त्यांना दुसरं कोणी नव्हतं. त्याने दांडू चावडीत ठेवला, दौलूतात्यांच्या पाया पडला आणि बायकोला घेऊन नावेकडे गेला.

दौलूतात्या गावचे पंच. केरबाला दांडू त्यांनीच दिला होता, तांबड्या खैराचा, चांगला कमरेइतका लांब. बाकी सगळ्यांचे दांडू बाभळीचे. केरबाचा दांडू तुळईला लागावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती. काम सरळ होतं. पण सरळ काम सरळ होऊ देईल तर ते गाव कसलं!

“चिंचेपातुर टोला कुनी हानला हुता? केरबानंच की!” चावडीत गाव जमल्यावर एक उंच गडी म्हणाला.

“त्याला झाली पाच वर्सं,” एक बुटका गडी म्हणाला. “अलीकडं त्याचा टोला निम्म्यावर पडायचा. आन चिंच तरी काय लांब हाय?”

झालं! सगळे उठले आणि चिंचेपर्यंतचं अंतर मोजायला निघाले. उंच गड्याने आपल्या लांब दांडूने मोजलं, बेचाळीस भरलं. बुटक्याने आपल्या दांडूने मोजलं, साठ भरलं. मग केरबा राहिला बाजूला आणि बेचाळीस खरे की साठ खरे, यावर सकाळची दुपार झाली. ज्याला केरबाचं कौतुक होतं त्याचेच आकडे कमी भरले होते, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तात्यांनी कपाळावर हात मारला. “आरं, सात वर्सं त्यो तुमच्यासंगं खेळला. एकदा तरी कुनी ‘ब्येस खेळलास’ म्हनला का? आन आता मानूस नावंत बसल्यावर मोजतायसा! मोजायचंच तर ज्याचा टोला त्याच्या दांडूनं मोजा. आना त्याचा दांडू.”

दांडू आणला आणि सगळे वाकून बघू लागले. कमरेइतका दांडू जेमतेम हातभर उरला होता.

“बगा, बगा!” बुटका ओरडला. “दांडू आखूड केला, की मोजताना आकडा वाढतो. लबाड निगाला तुमचा केरबा!”

आता उंच गडीही मान हलवू लागला. दांडू आखूड तर होताच, डोळ्यांसमोर होता. तात्यांचं मन म्हणत होतं की केरबा असं करणार नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा पंचवीस जणांशी एकट्याने किती वाद घालायचा? “करा काय करायचं त्ये!” असं म्हणून ते वैतागून घरी गेले. दांडू होळीच्या लाकडांत पडला.

होळीच्या आधी जत्रा आली. पलीकडच्या गावाचा डाव झाला. अलीकडचं गाव खेळायला उतरलं. वकट, लेंड, मूंड अशी दांडूने मोजणी करत आकडा चढत गेला. जिंकायला अवघं तीन दांडूंचं अंतर उरलं आणि विटी उभी चिरली.

तात्यांनी आपल्याजवळच्या विट्यांच्या थैलीत हात घातला. सात वर्षांत थैली कधी रिकामी निघाली नव्हती. विटी येते कुठून, हे कुणी विचारलंही नव्हतं. देवीची कृपा, असं लोक म्हणायचे आणि तात्याही तेच म्हणायचे. याही वेळी एक विटी निघाली. पहिल्याच टोल्याला तीही फुटली. पुन्हा हात घातला, तर हाताला थैलीचा तळ लागला.

“आरं, दांडूचं टोक कापा कुनीतरी! वीतभर लाकूड द्या!” तात्या ओरडले.

“माझा नगं, माझा नवा हाय,” बुटका म्हणाला. “त्याचा कापा, त्याचा लई लांब हाय.”

“माझाच का म्हून?” उंच गड्याने दांडू पाठीमागे लपवला.

नऊ गडी होते, नऊ दांडू होते. एकही आखूड नव्हता. पलीकडच्या पंचाने जरा वाट पाहिली आणि डाव संपल्याचं सांगितलं.

तात्या फुटलेल्या विटीचे तुकडे उचलायला वाकले. वरून विटी धुळीने माखलेली होती, पण जिथे चिरली होती तिथे आत लाकूड तांबडं होतं. खैराचं. तात्या मैदानातच खाली बसले.

मग ते उठून पलीकडच्या गड्यांत उभ्या असलेल्या केरबाकडे गेले. “सात वर्सं आपला दांडू कापून इट्या माझ्या थैलीत टाकत हुतास, आन बोलला न्हाईस?”

केरबा ओशाळून हसला. “डाव चालू असायचा, तात्या. बोलत कवा बसायचं?”

त्याच्या हातात नवा दांडू होता. त्याच्याही टोकाला ताजा काप होता.

तात्या तडक गावात आले. होळीच्या लाकडांतून त्यांनी तो दांडू उपसून काढला, धोतराने पुसला आणि कुणालाही न विचारता चावडीच्या तुळईला टांगला. नऊ गडी आपापले लांबलचक दांडू घेऊन खाली उभे होते. तात्यांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

म्हणून मंडळी, माणसाने किती लांब टोले मारले ते मोजण्याआधी, आपल्यासाठी तो किती झिजला ते मोजावं.